लुबांचं लाकूड वाचायचं कसं?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये लाकडाची एक फळी आहे. लांबीला साधारण २५ सेंटिमीटर, दोन्ही टोकांना रुंद आणि मधे कमरेत आवळलेली, हातात धरता येईल अशी. तिच्या एका अंगावर काचेचे मणी बारीक खिळ्यांनी ठोकून बसवले आहेत. एखादा मोठा मणी आणि त्याच्याभोवती लहान मण्यांचं कडं, मधूनच मण्यांची एक ओळ, कुठे नुसताच सुटा मणी. नक्षी म्हणावी तर दोन बाजू जुळत नाहीत, आणि हिशेब म्हणावा तर आकडे कुठेच नाहीत.

ही लुकासा. मध्य आफ्रिकेतल्या लुबा राज्याचा इतिहास अशा फळ्यांवरून सांगितला जायचा. सांगणारा फळी डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताची तर्जनी मण्यांवरून फिरवायचा आणि कुठला राजा कुठून आला, कुठे थांबला, कुणाशी सोयरीक केली, कुणाची हद्द कुठवर, हे गात-बोलत पुढे जायचा.

आफ्रिकेतली लाकडी शिल्पं म्हटलं की आपल्याला पटकन आठवतात ते मुखवटे, आणि ते बघून चक्रावलेला पिकासो. मुखवटे लुबांकडेही होते, पण त्यांच्या कोरीव कामाचा गाभा वेगळाच आहे. बसायचं आसन, हातातला दंड, खांद्यावरची कुऱ्हाड, धनुष्य टेकवायची खुंटी, डोक्याखाली घ्यायची उशी, हातात वाडगं धरलेली बाई. नुसती यादी वाचली तर घरसामान वाटेल. प्रत्यक्षात या वस्तूंनी एक राज्य चालवलं. लिपी नसलेल्या दरबाराचं दप्तर होतं ते, आणि पितरांनी येऊन बसायची जागाही तीच होती. दप्तर आणि देव्हारा या दोन गोष्टी लुबांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. आपली खरी पंचाईत होते ती इथे.

नदी, तळी आणि एक शिकारी

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेयेला, जुन्या काटांगा प्रांतात, लुआलाबा नदी उपेम्बाच्या खोलगट प्रदेशातून वाहते. काँगो नदीचाच हा वरचा प्रवाह. आजूबाजूला तळी आणि पाणथळ जमीन, मासळी भरपूर, जवळपास लोखंड आणि मीठ, दक्षिणेला तांब्याच्या खाणी. इथली वस्ती फार जुनी आहे. सांगा या ठिकाणी १९५७ पासून उत्खनन झालं आणि एका मोठ्या दफनभूमीचा पत्ता लागला. पुढे पिएर द मारे या बेल्जियन पुरातत्त्वज्ञाने याच परिसरात बरंच काम केलं. कामिलाम्बा इथल्या हजारेक वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात मृताच्या डोक्याशी लोखंडी ऐरण निघाली आणि जवळ दांड्यावर खिळे ठोकलेली शोभेची कुऱ्हाड. हे लक्षात ठेवा, कारण तशीच कुऱ्हाड एकोणिसाव्या शतकातल्या लुबा सरदाराच्या खांद्यावरही दिसते.

कसाई भागातही स्वतःला लुबा म्हणवणारा मोठा समाज आहे, त्यांची भाषा चिलुबा. इथे विषय आहे तो काटांगातल्या, किलुबा बोलणाऱ्या लुबांचा.

त्यांच्या राज्याची कथा अशी. आधी न्कोंगोलो म्वाम्बा नावाचा राजा होता. तांबड्या कातडीचा, दारुडा आणि क्रूर. इंद्रधनुष्याशी त्याचं नाव जोडलेलं, आणि इंद्रधनुष्य तिथे पाऊस अडवणारं, अशुभ. मग पूर्वेकडून म्बिडी किलुवे हा शिकारी आला. काळा तुकतुकीत, हातात धनुष्य, वागण्यात अदब इतकी की चारचौघांत जेवणं त्याला असभ्य वाटायचं. न्कोंगोलोच्या बहिणी त्याने केल्या आणि त्यांतल्या बुलांडाच्या पोटी कालाला इलुंगा जन्मला. म्बिडी आपल्या मुलखात परतला, पोरगा मामाच्या दरबारात वाढला आणि मामापेक्षा भारी निघाला. मामाने मग नाचाचा बेत केला. अंगणात खड्डा खणून तळाशी भाले उभे केले, वर चटई पसरली आणि भाच्याला नाचायला बोलावलं. म्हातारा दैवज्ञ मिजिबू वा कालेंगा याने त्याला आधीच सावध केलं होतं. कालाला निसटला, नदी ओलांडून बापाकडे गेला, सैन्य घेऊन परतला आणि मामाचं राज्य संपवलं. पुढचे सगळे राजे त्याच्या वंशातले.

इतिहास म्हणून ही कथा शब्दशः कुणी घेत नाही. लुबा राज्याचा खरा जोर साधारण १७०० ते १८७० या काळातला. पण लाकडाच्या वस्तू समजून घ्यायच्या तर ही कथाच किल्ली आहे. धनुष्याची खुंटी म्हणजे म्बिडी शिकारी. कुऱ्हाड आणि ऐरण म्हणजे त्या घराण्याने आणलेली लोहारकी. दैवज्ञाचा भोपळा म्हणजे मिजिबू. राज्याभिषेकाला एकेक वस्तू बाहेर निघायची तेव्हा जमलेल्या माणसांच्या डोळ्यांपुढून कथेतलं एकेक पात्र जायचं.

लुकासा वाचणारे

ही फळी वाटेल त्याला वाचता येत नसे. म्बुद्ये नावाची एक मंडळी होती, दीक्षा घेऊन आत जायची. तिच्यात पायऱ्या होत्या आणि लुकासाचं ज्ञान सगळ्यात वरच्या पायरीवर मिळायचं. राजालाही या मंडळीची दीक्षा घ्यावी लागे. म्हणजे राजाचा इतिहास ज्यांच्या हातात, त्यांच्या दारी राजाला जावं लागायचं. इतिहास सांगणाऱ्यांचा राज्यकर्त्यावर असा वचक असणं मला या सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. राजा माजला तर त्याच्या पूर्वजांची गोष्ट त्याला थोडी वेगळ्या सुरात ऐकवता येते, आणि ती खोटी आहे असं म्हणायची त्याची प्राज्ञा नाही.

आता वाचन कसं चालायचं ते पाहू. मोठा मणी आणि त्याभोवती लहान मण्यांचं कडं असेल तर तो राजा किंवा सरदार आणि त्याचा दरबार. मण्यांची रांग म्हणजे वाट किंवा प्रवास. रंगालाही अर्थ आहे. पांढरा चंद्राचा आणि पितरांच्या जगाचा, लाल न्कोंगोलोचा, काळा म्बिडीचा. फळीची मागची बाजू बहुधा कासवाच्या पाठीसारखी त्रिकोण-चौकोनांनी कोरलेली असते, कारण कासव हे म्बुद्ये मंडळीचं चिन्ह. काही फळ्यांच्या टोकाला माणसाचं डोकं असतं.

पण मोठा मणी म्हणजे नेमका कुठला राजा, हे मण्यावर लिहिलेलं नाही. ते वाचणाऱ्याने ठरवायचं. प्रसंग कुठला, समोर बसलंय कोण, कुठल्या गावाचा तंटा चालू आहे, त्यावर तीच रांग एकदा म्बिडीचा प्रवास होते तर एकदा एखाद्या घराण्याचं स्थलांतर. तीच फळी राजवाड्याचा नकाशा म्हणूनही वाचता येते: कोण कुठे बसायचं, कुठल्या दाराने आत यायचं. मण्यांची जागा पक्की आणि गोष्ट सैल, म्हणून प्रत्येक वाचन नवं. राजकीय दृष्ट्या हे फार सोयीचं होतं. आज ज्याच्याशी तह झालाय त्याचा आजा कालच्या गोष्टीत नसला तरी उद्याच्या गोष्टीत त्याला जागा करता येते.

असंच वाचन राजदंडाचंही व्हायचं. किबांगो म्हणतात तो दंड माणसाच्या उंचीच्या आसपासचा, मधे वल्ह्यासारखा पसरट भाग, त्यावर भौमितिक कोरीव काम, वर एक किंवा दोन बायका. पसरट भाग म्हणजे वस्ती, सत्तेचं ठाणं. सडसडीत दांडा म्हणजे मधला मोकळा मुलूख आणि त्यातून जाणारी वाट. सरदाराच्या घराण्याची गोष्ट दंडावरून सांगत जायची. तंट्याच्या बैठकीत हा दंड जमिनीत रोवून उभा राहिला की बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन यायचं.

सगळीकडे बाईच का?

लुबा शिल्पं एका खोलीत मांडली की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती ही: राजे पुरुष, वारसा बापाकडून मुलाकडे, कोरणारे पुरुष, आणि लाकडात मात्र जिथे तिथे बाई. आसन डोक्यावर पेलणारी, दंडाच्या शेंड्यावरची, कुऱ्हाडीच्या दांड्यातून डोकं वर काढणारी. तिचे डोळे अर्धे मिटलेले, कपाळ उंच, पोटावर व्रणांची नक्षी. आणि पुष्कळदा दोन्ही हात स्तनांवर.

युरोपियन पाहुण्यांनी हे सगळं ‘सुफलतेची देवता’ या एका पाटीखाली कोंबलं. मेरी नूटर रॉबर्ट्स या अमेरिकन कला-इतिहासकाराने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लुबा मुलखात राहून अभ्यास केला. तिथल्या दैवज्ञांनी आणि म्बुद्येच्या माणसांनी तिला दिलेलं उत्तर निराळं होतं. राजाचा आत्मा फार जड, फार तापट. तो पेलायची ताकद बाईच्या शरीरात असते. हात स्तनांवर आहेत कारण राजपदाची गुपितं आणि निषेध, ज्यांना बिझिला म्हणतात, ती तिथे राखलेली आहेत. म्हणजे ती बाई काही देत नसून राखण करते आहे.

हे नुसतं प्रतीक नव्हतं, प्रत्यक्षात घडायचं. राजा वारला की त्याचं संचारस्थान म्हणून एक बाई निवडली जायची, म्वाडी. मेलेला राजा तिच्या अंगात यायचा आणि त्यानंतर ती राजाच. त्याच्या राजधानीत ती राहायला लागायची, त्याची चिन्हं तिच्याकडे जायची, अधिकारी तिच्या दिमतीला असायचे, लोक तिला खंडणी द्यायचे. नवा राजा आपली राजधानी दुसरीकडे वसवायचा आणि अडीअडचणीला जुन्या राजाचा, म्हणजे त्या बाईचा, कौल घ्यायचा. त्यामुळे लुबा मुलखात एका जिवंत राजाभोवती मेलेल्या राजांची चालती-बोलती ठाणी असत, आणि त्या प्रत्येकात एक बाई बसलेली.

बायकांचा दुसरा मार्ग सोयरिकीचा. राजा प्रांतोप्रांतीच्या घराण्यांतून मुली करायचा, आपल्या घरातल्या मुली तिकडे द्यायचा. त्या बायका दोन दरबारांमधल्या वकील व्हायच्या.

अंगावरच्या व्रणांबद्दल एक गोष्ट. लुबा बाई गुळगुळीत कातडीची जन्मते, घडते ती नंतर. कातडीत चिरे देऊन उठवलेली नक्षी, घासून आकार दिलेले दात, तासन् तास बसून बांधलेला केसांचा डोलारा. सौंदर्य ही केलेली गोष्ट, आणि अशी घडवलेली कायाच आत्म्याला राहायला योग्य. व्रणांच्या आकृत्यांना नावं होती, जाणकाराला त्या समजत. तेच आकार लुकासाच्या पाठीवर येतात, तेच दंडावर. म्हणजे बाईची कातडी, लाकडाचा पृष्ठभाग आणि इतिहासाची फळी यांची वर्णमाला एकच.

न बसण्यासाठी केलेलं आसन

राजाचं आसन हे या कामाचं शिखर. एकाच ओंडक्यातून कोरलेलं, सुमारे अर्धा मीटर किंवा थोडं जास्त उंच. खाली गोल बैठक, वर गोल पाट, आणि मधे गुडघ्यावर बसलेली किंवा उभी बाई, बोटांच्या टोकांवर आणि डोक्यावर वरचा भार तोलणारी. नीट पाहिलं तर कळतं की वजन तिने पकडलेलं नाही, नुसतं टेकवलं आहे. बोटं सरळ आणि सैल. इतका भार इतक्या हलक्या हाताने पेलला आहे हे दाखवणं, हीच कोरणाऱ्याची कमाल.

राज्याभिषेकाच्या वेळी हे आसन बिबट्याच्या कातड्यावर मांडायचे. एरवी ते दरबारात नसायचंच. पांढऱ्या कापडात गुंडाळून दुसऱ्याच गावी राखणदाराकडे ठेवलेलं असायचं, चोरीची किंवा विटाळाची भीती नको म्हणून. रोज बसायची चीज नव्हतीच ती. तिच्यावर पितर बसलेले असत.

धनुष्याची खुंटी तर त्याहून गुप्त. वर तीन फांद्या, मधे बाई, खाली लोखंडी टोक, जमिनीत रोवायला. म्बिडी किलुवे आपलं धनुष्य जिवापाड जपायचा, त्याची ही आठवण. राजाघरच्या या खुंट्या लोकांसमोर कधी आणत नसत. वेगळ्या घरात ठेवत, तिथे एक बाई राखण करी, नैवेद्य दाखवी, मंत्र म्हणे. आज त्याच खुंट्या पाश्चात्त्य म्युझियममध्ये झगझगीत दिव्यांखाली आहेत.

ऐरणीचं काय झालं? ती खिळ्यांत उतरली. शिल्पातल्या बाईच्या केसांत, कुऱ्हाडीच्या दांड्यात जे छोटे लोखंडी खिळे ठोकलेले दिसतात त्यांची डोकी ऐरणीच्या आकाराची असतात. शोभा होतेच, शिवाय आतली शक्ती कुलूपबंद करण्याचाही तो उपाय. कामिलाम्बाच्या थडग्यातली ऐरण आणि खिळेवाली कुऱ्हाड आठवा. राज्याची कथा कल्पित असेल, पण तिच्यातलं लोखंड हजार वर्षांचं आहे.

या वस्तूंचा आणखी एक उपयोग राज्याच्या कडेवर व्हायचा. मध्यवर्ती राजा दूरच्या सरदारांना आसन, दंड, कुऱ्हाड बहाल करायचा. आपल्याकडे छत्रपतींची सनद आणि शिरपाव मिळाला की वतनाला आधार यायचा, तसंच. लुबा राज्याचं सैन्य सगळीकडे पोचत नव्हतं, पण लाकूड पोचत होतं. त्यामुळे एक मजा झाली. उत्तमोत्तम ‘लुबा’ शिल्पं राज्याच्या गाभ्यात थोडी आणि सीमेवरच्या मुलखात पुष्कळ सापडतात. ज्यांना आपण लुबा दरबाराचे आहोत हे दाखवायची गरज जास्त, त्यांनी जास्त कोरून घेतलं. हे साम्राज्य होतं की एकाच थाटाने बांधलेलं सरदारांचं जाळं, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझं मत जाळ्याच्या बाजूचं.

वाडगंवाली आणि घासणारं लाकूड

राजाचं झालं. आता सामान्य माणसाचा आजार, चोरी, न होणारं मूल, बिघडलेली शिकार. यासाठी दैवज्ञ. त्यांचा मोठा प्रकार बिलुम्बू. अंगात आलेला दैवज्ञ पुढ्यात म्बोको घेऊन बसतो. म्बोको म्हणजे भोपळ्याचं भांडं, आत पांढरा खडू, माणसांच्या बोटभर लाकडी मूर्ती, बिया, पक्ष्यांच्या चोची, जनावरांची नखं. भांडं हलवायचं, झाकण काढायचं आणि वर काय आलंय, कशाशेजारी काय पडलंय ते बघायचं. मण्यांच्या फळीसारखंच हेही वाचन, फक्त इथली अक्षरं दर वेळी नव्याने पडतात.

याच दैवज्ञाच्या शेजारी बसलेली असते ती वाडगंवाली: गुडघ्यावर किंवा पाय पसरून बसलेली लाकडी बाई, मांडीवर झाकणाचं भांडं, तेही लाकडाचं. आत पांढरी माती, म्पेम्बा. येणाऱ्याने ती अंगाला लावायची, कारण पांढरं म्हणजे चंद्र, शुद्धी आणि पितरांची मेहेरबानी. ही बाई दैवज्ञाच्या अंगात येणाऱ्या आत्म्याची पत्नी समजली जाते. जुन्या युरोपियन नोंदींमध्ये मात्र तिला ‘भिकारीण’ म्हटलंय. बाळंतपण जवळ आलेल्या बाईच्या दाराशी ही मूर्ती ठेवत आणि येणारे-जाणारे भांड्यात काही ना काही टाकत, अशी ती नोंद. तसाही उपयोग होत असेल. पण म्युझियमच्या पाट्यांवर कितीतरी वर्षं ‘भिकारीण’ एवढंच राहिलं, आणि तिचा नवरा असलेला आत्मा गायब झाला.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, कारण त्यात थाट काहीच नाही. काशेकेशेके. तळहाताएवढं लाकूड, मधे पोकळ, चौकटीसारखं, वर बाईचं छोटं डोकं. चटईवर किंवा पाटावर ते ठेवतात. एका बाजूने दैवज्ञ बोटं घालून धरतो, दुसऱ्या बाजूने प्रश्न घेऊन आलेला. दैवज्ञ विचारत जातो: दुखणं घरातलं आहे का? मेलेल्यांपैकी कुणी रागावलंय का? बापाकडचं की आईकडचं? लाकूड घासत सरकतं, मागेपुढे होतं, गोल फिरतं, आणि त्याच्या चालीवरून हो किंवा नाही. लाकूड आपोआप सरकतं की बोटं सरकवतात, हा आपला प्रश्न. तिथला मुद्दा हा की विचारणाऱ्याचा हातही त्याच लाकडावर असतो. निकाल त्याच्या बोटांतून येतो. घरातली जी गोष्ट तोंडाने निघत नाही ती अशी बाहेर पडते. लुबांच्या मते कौल घ्यायची ही सर्वांत जुनी रीत. मिजिबूपेक्षाही जुनी.

मुखवट्यांबद्दल थोडक्यात: किफ्वेबे नावाचे, रेघारेघांचे, पांढऱ्यावर भर असलेले गोल मुखवटे लुबांकडे आहेत आणि शेजारच्या सोंग्ये लोकांकडेही आहेत. सोंग्येंचे जास्त टोकदार आणि धाक घालणारे. दोन्हींच्या हद्दी एकमेकांत मिसळलेल्या.

कोरणारा

हत्यारं मोजकीच. मुख्य म्हणजे वाकस, आणि बारीक कामाला सुरी. ओंडका एकच, जोड नाही, सांधा नाही. शेवटी तेल आणि रंग चोळून लाकूड चकचकीत काळं-तपकिरी करायचं. कारागिराने मूर्ती पुरी केली की त्याचं काम संपलं, मूर्तीचं मात्र सुरू झालेलं नसतं. मांत्रिक तिच्यात बिजिम्बा भरतो: डोक्यावरच्या किंवा पोटाच्या खळगीत औषधी, नखं, हाडांचे तुकडे. ते होईपर्यंत ते फक्त छान कोरलेलं लाकूड.

कारागिराची करामत बघायची तर मूर्तीच्या मागे जा. उत्तरेकडच्या कामात डोक्यामागे केसांचे चार फुगे क्रुसाच्या आकारात बांधलेले दिसतात. दक्षिणेकडच्या शांकादी भागातल्या उशांवर केसांचे थर धबधब्यासारखे दोन्ही बाजूंना उतरतात. अशा केशरचनेला तासन् तास लागायचे, म्हणून ती मोडू नये यासाठी झोपताना मानेखाली लाकडी उशी. उशी ही झोपेची, आणि म्हणून स्वप्नांची जागा, आणि स्वप्नात पितर बोलतात. माणूस दूर मेला आणि देह मिळाला नाही तर त्याच्या जागी त्याची उशी पुरल्याच्याही नोंदी आहेत. म्युझियमचे फोटो बहुधा समोरून काढलेले असतात, त्यात हे सगळं हरवतं.

आफ्रिकन शिल्पकार म्हणजे निनावी, असा समज फार काळ होता. त्याला पहिला धक्का लुबा लाकडानेच दिला. १९३०च्या दशकात फ्रान्स ओलब्रेख्ट्स या बेल्जियन अभ्यासकाच्या लक्षात आलं की काही आसनं आणि वाडगंवाल्या एकाच हातच्या दिसतात: लांबट चेहरे, खोल गेलेले गाल, मोठाले हात, थकलेल्या म्हाताऱ्यासारखी मुद्रा. लुबांची नेहमीची गोल, शांत, तरुण बाई इथे नाही. यांतल्या वस्तू बुली गावातून आल्याची नोंद होती, म्हणून त्या कारागिराचं नाव ‘बुलीचा उस्ताद’ पडलं. अशी विसेक शिल्पं आज ओळखली जातात. त्यांतलं एक आसन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. नंतरच्या संशोधनात काटेबा गावच्या न्गोंगो या चिंतू या कारागिराचं नाव पुढे आलं. सगळी शिल्पं त्याच एकाची, की गुरू-शिष्यांच्या एका घराची, हा वाद चालू आहे.

फळ्या तिकडे, वाचणारे इकडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापाराने लुबा राज्य पोखरलं. व्हर्नी लव्हेट कॅमेरॉन हा इंग्रज प्रवासी १८७४ मध्ये कासोंगो कालोम्बो राजाच्या दरबारी आला तेव्हा उतरती कळा लागलेली होती. पुढे गादीसाठी घरातच भांडणं झाली आणि राज्य दुभंगलं. १८८५ पासून हा मुलूख बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीत आणि १९०८ पासून १९६० पर्यंत बेल्जियमच्या वसाहतीत होता. या काळात वस्तू भेट म्हणून गेल्या, विकत गेल्या, मिशनऱ्यांनी नेल्या आणि सरळ लुटूनही नेल्या. ब्रसेल्सजवळच्या टेर्व्युरेन म्युझियममधला वळणदार शिंगांचा प्रसिद्ध मुखवटा १८९०च्या दशकातल्या लष्करी मोहिमेत हाती लागलेला आहे.

परत देण्याचा प्रयत्न एकदा झाला. १९७६ ते १९८२ या काळात टेर्व्युरेनने ११४ वस्तू झैरला, म्हणजे तेव्हाच्या काँगोला, दिल्या, पण त्यांतल्या बऱ्याच पुढे बाजारात गेल्या. २०१९ मध्ये काँगोच्या राजधानीत, किन्शासात, नवं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं. २०२२ मध्ये बेल्जियमने वसाहतकालीन वस्तू परत करण्यासाठी कायदा केला, आणि त्याच वर्षी बेल्जियमच्या राजाने एक मोठा मुखवटा किन्शासाला बेमुदत उसना म्हणून दिला. तो लुबांचा नव्हे, सुकू लोकांचा होता.

दरम्यान काटांगात मेरी नूटर रॉबर्ट्स यांना १९८०च्या दशकाच्या अखेरीस जे दिसलं ते असं: म्बुद्येच्या बैठका भरत होत्या, नाच होत होते, बिलुम्बू भोपळा हलवत होते, काशेकेशेके चटईवर घासत होतं. त्यांनी आणि त्यांचे पती ॲलन रॉबर्ट्स यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुबा कला आणि स्मृती या विषयावर मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात आसनं आणि दंड होतेच, पण ते कसे वाचायचे हे सांगणारी लुबा माणसांची वाक्यंही त्यांच्या शेजारी होती. ‘भिकारीण’ ही पाटी त्यानंतर हळूहळू उतरायला लागली.